उजव्या पायाची गाठ

शहागडच्या पुलाच्या अलीकडे, महामार्गाच्या डाव्या हाताला, एका हॉटेलसमोर सिमेंटचा चौथरा आहे. चौथऱ्यातून आठ बोल्ट वर आलेले आहेत. बाकी त्यावर काही नाही. तो रिकामा होण्यात माझा हात आहे आणि त्याचं मला समाधान वाटतं, हे आधीच नोंदवून ठेवतो. म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको.

त्या चौथऱ्यावर जवळपास वर्षभर एक प्राणी उभा होता. ॲलोसॉरस. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अठ्ठावीस फूट, सगळा लोखंडाचा. तो माझ्या मोठ्या भावाने बनवला होता.

भावाचं अंबडमध्ये जालना रस्त्याला वेल्डिंगचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, शेताची फाटकं, जनावरांच्या गव्हाणी असं त्याचं काम. बऱ्याच वर्षांपूर्वी ट्रॉलीचा ॲक्सल त्याच्या उजव्या पायावर पडला. हाड जुळलं, पण मधल्या बोटाच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ राहिली आणि चालण्यात थोडा झोल आला. मी एका जिल्हा दैनिकाचा अंबडचा बातमीदार होतो, एकोणीस वर्षं. त्याआधी चार वर्षं शहरातल्या मुख्य कार्यालयात, डेस्कवर. आमचं घर एकच. खालचा मजला त्याचा, वरचा माझा. तो बोलायला कमी. माझं कामच दुसऱ्याचं बोलणं लिहून घेण्याचं. त्यामुळे दोघांपैकी कोणी फारसं बोललं नाही तरी अडत नव्हतं.

हॉटेलमालकाला सगळा तालुका ओळखतो. कोणतंही उद्घाटन असो, तो पहिल्या रांगेत असतो. बातमीच्या शेवटी ‘यांची उपस्थिती होती’ म्हणून जी यादी येते, तिच्यात त्याचं नाव पहिल्या पाचांत यावं लागे. ज्यांचा तालुक्याच्या बातम्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो : अशी बातमी वरून खाली कोणी वाचत नाही. लोक आधी शेवटची यादी वाचतात. आपलं नाव आहे का ते बघतात, मग ज्याचं नसावं त्याचं नाही ना ते बघतात. यादीतून एक नाव सुटल्यामुळे दोन घरांचं येणं-जाणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

आणखी एक रीत आहे. मोठ्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं छापायचं नसतं. तो जे बोलतो ते सोडून, त्याला काय म्हणायचं असावं ते आपण लिहायचं. हॉटेलमालक आमच्या दैनिकात कित्येक वर्षं शुद्ध, पूर्ण वाक्यांत बोलत होता. ‘ग्रामीण भागाच्या प्रगतीसाठी पर्यटनाची कास धरणे ही काळाची गरज आहे,’ असं तो म्हणाल्याचं छापून आलेलं आहे. ते वाक्य माझं. तो म्हणाला होता, ‘टाका कायतरी चांगलं.’

हॉटेलच्या बाजूच्या जागेत त्याने बगीचा केला आणि बोर्ड आधीच रंगवून घेतला : ‘ज्युरासिक फॅमिली गार्डन, शुद्ध शाकाहारी’. मग डायनासोर सांगायला तो भावाच्या शेडवर आला. महामार्गावरून गाडीवाला कितीही जोरात येऊ दे, त्याने ब्रेक मारला पाहिजे, एवढीच त्याची अट होती. त्याने मोबाइलमधलं सिनेमातलं एक चित्र भावाला पाठवलं.

भाऊ तो मोबाइल घेऊन वर माझ्याकडे आला. म्हणाला, ‘हे असं पायजे म्हणतो. खरं कसं असतंय ते बघ.’

मी तीन दिवस वाचलं. चित्रातल्या प्राण्याला हाताला दोन बोटं होती आणि तो ज्युरासिक काळातला नव्हताच; तो त्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी झाला. बोर्डावरच्या शब्दाशी जुळणारा मोठा शिकारी प्राणी म्हणजे ॲलोसॉरस. ज्युरासिकच्या अखेरचा, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची हाडं मुख्यतः अमेरिकेत सापडली. आपल्याकडे सापडायचा प्रश्नच नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड हा लाव्हा आहे आणि तो ओतला गेला तेव्हा ॲलोसॉरस संपून आठ कोटी वर्षं उलटली होती. डोळ्यांच्या वर दोन शिंगांसारखे उंचवटे. हाताला तीन बोटं, तिन्हींना वाकड्या नख्या. दात करवतीसारखे, पडला की नवा येणारा. त्याच्या अंगाच्या मानाने चावा फार जोरकस नसावा, तो मानेच्या ताकदीवर वरचा जबडा कुऱ्हाडीसारखा मारत असावा, असं काही अभ्यासक मानतात. सगळे मानत नाहीत. मी भावाला दोन्ही बाजू सांगितल्या.

भावाने त्यातली कामाची गोष्ट उचलली. ‘तीन बोटं बरी,’ तो म्हणाला. ‘रोटाव्हेटरची पाती बराबर बसतेत.’

मालकाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, दोन असू द्या का तीन असू द्या, दिसाया भ्याव वाटलं पायजे.

सात महिने ते काम चाललं, ट्रॉल्यांच्या मधल्या वेळात. जालन्याला भंगार रोज भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं. भट्टीत जाण्याआधीचा माल भाऊ तिथल्या एका ओळखीच्या भंगारवाल्याकडे जाऊन निवडायचा. बरगड्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या. पाठीचे मणके ट्रॅक्टरच्या गिअरचे, मोठ्याकडून लहानाकडे, शेपटीच्या टोकाला मोटारसायकलचे. डोळ्यांवरचे उंचवटे नांगराच्या झिजलेल्या फाळांचे. दातांना त्याने हार्वेस्टरच्या कटरची पाती लावली, कारण त्यांना कडेने करवत आधीच असते. मान त्याने तीनदा कापली आणि तीनदा जोडली. चौथ्यांदा विचारायला वर आला तेव्हा मी म्हणालो, इंग्रजी एस अक्षरासारखी वाकलेली असते. त्याने पुन्हा कापली.

एकदा जेवताना मी वाचलेलं सांगत होतो. या प्राण्याच्या सापळ्यांत मोडून पुन्हा जुळलेली हाडं बरीच सापडतात. बरगड्या, पायाची बोटं. शिकार करणारा प्राणी, धडपडणारच. मोडलेलं बोट घेऊन तो वर्षानुवर्षं जगला असेल. भावाने विचारलं, कोणतं बोट? मी म्हणालो, एका सापळ्याच्या उजव्या पायाला मधल्या बोटाजवळ मोठी गाठ आहे. आठवड्याने शेडमध्ये गेलो तर लोखंडाच्या उजव्या पायावर, मधल्या बोटाच्या मुळाशी, वेल्डिंगचे थर चढवून नारळाएवढी गाठ केलेली होती. भाऊ स्टुलावर बसून ती हाताने चाचपत होता. त्याची चप्पल काढलेली होती.

मालक प्राणी बघायला आला तेव्हा त्याला पहिली ती गाठच दिसली. ग्राइंडर मारून साफ करा म्हणाला.

‘ती ऱ्हाऊ द्या,’ भाऊ म्हणाला.

‘मिस्टिक दिसून राह्यली ती.’

‘मिस्टिक न्हाई. मोडून बरं झालेलं हाये.’

मालकाने माझ्याकडे पाहिलं आणि हसून घेतलं.

प्राणी दोन तुकड्यांत शहागडला गेला, भावाच्याच ट्रॅक्टरमागे, भावानेच बनवलेल्या ट्रॉलीत. मी मोटारसायकलवर मागे होतो. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर काळी-पिवळीतले प्रवासी उतरून बघत होते. शहागडात ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेऊन जागा दिली आणि क्रेन लागली तेव्हा समोरच्या चहावाल्यासकट दहा-बारा जणांनी शेपटीला हात लावला. भाऊ शिडीवर उभा राहून कमरेचा जोड मारत होता. हे सगळ्यांनी भर दुपारी पाहिलेलं आहे. म्हणून सविस्तर सांगतो.

उद्घाटनाला मंडप होता, फेटे होते. भावाला बोलावणं होतं, पण खुर्ची नव्हती. तो जनरेटरजवळ उभा राहिला. बातमी मी दिली. पहिल्या परिच्छेदात मालक, दुसऱ्यात पाहुणे, तिसऱ्यात प्राण्याची उंची, लांबी आणि काळ. शेवटी यादी, बावीस नावं. भावाचं नाव मी लिहिलं नाही. डेस्कवर असताना माझ्या वृत्तसंपादकांनी घालून दिलेला नियम होता : बातमीदाराने नात्यातल्या माणसाचं नाव बातमीत घालायचं नाही. अटक झाली तर घालायचं, सत्कार झाला तर नाही. तेवीस वर्षं मी तो पाळला होता. मी लिहिलं, ‘कुशल कारागिराने घडवलेला’.

भावाने बातमी वाचली, यादी बोट ठेवून वाचली, पेपरची घडी केली. म्हणाला, ‘ठीक हाये. तुझा नियम आसंल.’

मी जी जागा मोकळी सोडली होती ती मालकाने भरली. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

जालन्याच्या एका खासगी शाळेचे मुख्याध्यापक विज्ञान प्रदर्शनाची बातमी घेऊन माझ्याकडे आले होते. बोलता बोलता म्हणाले, शाळेच्या मैदानात लोखंडाचे तीन-चार प्राणी उभे करायचे आहेत, शहागडला आहे तसे. तिथल्या मालकांनी सांगितलं की तो हैदराबादच्या कलाकाराने केला. बातमी तुम्हीच दिली होती, तर त्या कलाकाराचा नंबर तुमच्याकडे असेल.

मी म्हणालो, तो माझ्या भावाने केला आहे. शेड इथून पाच मिनिटांवर आहे, चला.

त्यांनी माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं. बातमीदार आपल्या माणसाची शिफारस करतात हे त्यांनी आधीही पाहिलेलं असणार. ‘तसं असतं,’ ते म्हणाले, ‘तर बातमीत आलं असतं ना?’

ते शेडवर आले नाहीत. भावाचा पाय त्या हिवाळ्यात जास्त दुखत होता. ट्रॉलीचा सांगाडा उलटा-सुलटा करणं त्याला जमेनासं झालं होतं. पुढे असलीच कामं करावीत, बसून, सावकाश, असं तो घरात दोनदा बोलला होता. तो सहसा कोणतीच गोष्ट दोनदा बोलत नाही. शाळेचं काम म्हणजे त्याची ती सुरुवात झाली असती. मी त्याला मुख्याध्यापकांबद्दल सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने शहागडला गेलो. हॉटेलच्या गल्ल्यामागे माझी बातमी फ्रेम करून लावलेली होती. काचेखाली, पिवळी पडू नये म्हणून लॅमिनेट केलेली. मालकाने मला बसवलं, चहा सांगितला. हैदराबादचा विषय काढला तेव्हा तो जराही गडबडला नाही.

‘आता बघा साहेब,’ तो म्हणाला, ‘अंबडच्या ट्रॉलीवाल्यानं केलंय म्हणलं तर कोण फोटू काढंल? हैदराबाद म्हणलं की माणूस दोन पावलं मागं सरून बघतो. धंदा हाये.’

मी म्हणालो, माणसाचं काम आहे ते.

त्याने फ्रेमकडे हनुवटी केली. ‘मंग तुमच्या बातमीत कुठं हाये त्याचं नाव? वाचा की. बावीस नावं हायेत. गुरवाचं बी हाये.’

चहा आला. मी तो प्यायलो, कप खाली ठेवला आणि निघालो. बाहेर प्राण्याच्या उजव्या पायाशी एक कुटुंब फोटो काढत होतं. गाठीवर पाय ठेवून वर चढायला सोयीचं जात होतं.

त्या दिवशी काय करायचं ते ठरलं नव्हतं. करायचं, एवढं ठरलं होतं. मी चार महिने थांबलो. त्या काळात मालकाच्या तीन बातम्या दिल्या, तिन्हींत त्याचं नाव योग्य जागी होतं, तिन्हींत तो सुंदर बोलला होता.

मग आमच्या दैनिकाने महामार्गावरच्या उद्योगांची विशेष पुरवणी काढायची ठरवली. अशा पुरवणीत जो जाहिरात देतो त्याची मुलाखत येते. मालकाने पान घेतलं. मुलाखत मलाच करायची होती.

मी टेबलावर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणालो, ‘मालक, या वेळी तुमचे शब्द तुमचेच ठेवतो. मी मधे येत नाही.’

‘बिलकुल,’ तो म्हणाला. खूश झाला. हेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

मी साधे प्रश्न विचारले. एकही अवघड नव्हता. प्राणी कोणता? तो म्हणाला, डायनासोर. त्यातला कोणता? म्हणाला, मोठा. बोर्डावर शुद्ध शाकाहारी आहे, मग हा प्राणी काय खायचा? गल्ल्याकडे बघून तो म्हणाला :

‘हे गवत खाऊन राह्यचं. शांत जनावर. म्हणून तर फॅमिलीवाले येतेत.’

मी प्राण्याच्या दातांबद्दल विचारलं. दात एवढे करवतीसारखे कशाला? म्हणाला, ‘ऊस खायाला.’ मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. कारागीर कोण? हैदराबादचा, फार मोठं नाव. नाव काय? ‘आता ध्यानात न्हाई. मोठं नाव हाये.’ प्राणी इथे कसा आला? हैदराबादहून ट्रेलरवर, अख्खा, एका तुकड्यात. कोणी पाहिला का येताना? म्हणाला, रात्री आल्ता.

शेवटी गाठीबद्दल विचारलं.

‘ती मिस्टिक हाये,’ तो म्हणाला. ‘मी त्या हैदराबादवाल्याला बोललो बी. म्हणलं, येवढा मोठा कारागीर अन् वेल्डिंग येईना व्हय तुला.’

मी आभार मानले. घरी येऊन रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि शब्दाला शब्द उतरवून काढलं. एकही विशेषण घातलं नाही, एकही काढलं नाही. खाली एक चौकट दिली, सहा ओळींची : ॲलोसॉरस, काळ, लांबी, आहार मांस, हाताची बोटं तीन, सापळ्यांत जुळलेल्या हाडांच्या खुणा आढळतात. चौकटीत भावाचं नाव नव्हतं. मालक खोटं बोलतो असं मी कुठेही लिहिलं नाही. त्याची गरज नव्हती. शेपटीला हात लावलेले दहा-बारा जण पेपर वाचणारे होते.

मुख्य कार्यालयातून नव्या उपसंपादकाचा फोन आला. त्याने विचारलं, सर, हे असंच जाऊ द्यायचं? मी म्हणालो, तथ्य तपासलेलं आहे, रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, मजकूर जागेत बसतो. तो म्हणाला, बरं.

पुरवणी आली त्या सकाळी मी पहिल्या गाडीने शहागडला गेलो. एवढं मी मान्य करतो. घरी बसून वाट बघणं मला जमलं नाही. हॉटेलसमोरच्या चहाच्या टपरीवर एक काळी-पिवळीवाला मुलाखत मोठ्याने वाचत होता आणि बाकीचे ऐकत होते. ‘ऊस खायाला’ याला पहिलं हसू आलं, ‘अख्खा, एका तुकड्यात’ याला दुसरं. ‘रात्री आल्ता’ याला चहावाल्याने कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, मंग दुपारी मी कोणाची शेपटी धरल्ती? गाठीपर्यंत वाचणाऱ्याला पोहोचताच येईना. मी बाकावर बसून होतो. सगळं नीट ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने मालक बाहेर आला. काळी-पिवळीवाल्याने गाडीत बसता बसता विचारलं, ‘शेठ, जनावराला वैरण टाकली का आज?’

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राण्याच्या पुढ्यात कडब्याची एक पेंढी ठेवलेली होती. मालकाने ती काढायला लावली. तिसऱ्या दिवशी दोन होत्या. मग रोज. एक दिवस उसाचं वाढं होतं. ती ठेवणारा मी नव्हतो. कोण होतं ते मला माहीत आहे. इथे देत नाही. लग्नकार्यात, बाजारात, घनसावंगीच्या एका पुतळ्याच्या कार्यक्रमातही लोक त्याला वैरणीबद्दल विचारू लागले. त्या कार्यक्रमाच्या यादीत त्याचं नाव नवव्या क्रमांकावर आलं. ती बातमी माझी नव्हती, पण कात्रण मी ठेवलं आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगायचं तर, मालकाने जाहिराती बंद केल्या, मला मुख्य कार्यालयात बोलावून समज देण्यात आली, मी राजीनामा दिला. माझा हिशोब मी आधीच धरलेला होता.

जे धरलं नव्हतं ते नवव्या दिवशी झालं. मालकाने प्राणी कापायला काढला. अंबडच्या दोन गॅसकटरवाल्यांनी नाही म्हणून सांगितलं. ज्याचं काम आहे त्याला आम्ही ओळखतो म्हणाले. मग कटरवाला बाहेरगावाहून आणला. संध्याकाळपर्यंत चौथऱ्यावर फक्त बोल्ट राहिले.

भावाला ते जालन्याच्या भंगारवाल्याने कळवलं. फोन करून एवढंच म्हणाला, तुमचं जनावर माझ्याकडं आलंय, उद्या भट्टीत जाईल, यायचं तर या. भावाने ट्रॅक्टर काढला. मी मागे ट्रॉलीत बसलो. त्याने बस म्हटलं नाही, उतर असंही म्हटलं नाही.

भंगाराच्या आवारात प्राणी ढीग होऊन पडला होता. मणक्यांचे तुकडे एकीकडे, बरगड्या एकीकडे; कापणाऱ्याने सोयीने कापलं होतं. दात अर्धे गेले होते. भाऊ ढिगाभोवती एक फेरी फिरला, मग कमरेत वाकून पाती, पाट्या, गिअर उलटे करून बघत राहिला, जणू पुन्हा माल निवडायला आला होता. डोकं सापडलं. उजवा पाय गुडघ्यापासून खाली अख्खा सापडला, गाठीसकट. तेवढं त्याने बाजूला ओढलं. भंगारवाल्याने काट्यावर न घालता ट्रॉलीत चढवून दिलं.

परतताना गोलापांगरीच्या पुढे त्याने ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि बंद केला. मागे वळून न बघता बोलला.

‘तुझं समाधान झालं. माझं जनावर गेलं.’

मी म्हणालो, आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे ते कोणी केलं. तुझं नाव लोकांच्या तोंडी आहे.

‘मला ते उभं पायजे होतं,’ तो म्हणाला. ‘लोक येऊन बघून राह्यले होते. मी बी जायचो. दर शनवारी. चहा घ्यायचो अन् बघून यायचो.’

हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून.

‘तू मला विचारलं होतंस?’ त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता ट्रॅक्टर सुरू केला.

उजवा पाय त्याने शेडच्या दाराशी उभा केला. लोक तिथे थांबू लागले. मुख्याध्यापकांनी पुरवणी वाचली होती. एका रविवारी ते स्वतः शेडवर आले, पायाची गाठ बघितली, मग भावाचा पाय बघितला आणि त्याची माफी मागितली. ते वर माझ्याकडे आले नाहीत. काम ठरलं. भावाने तीन-चार प्राणी करायला नकार दिला. एकच करतो म्हणाला, जुनं डोकं आणि जुना पाय घेऊन. बाकी अंग नवं. या वेळी दात, बोटं, मान यासाठी माहिती लागली ती शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी दिली. त्या तीन-चारदा शेडवर आल्या. एकदा घरीही आल्या. खालच्या मजल्यावर त्या वाचून दाखवत होत्या आणि भाऊ प्रश्न विचारत होता, ते मला वर ऐकू येत होतं. एके ठिकाणी त्यांनी मानेच्या मणक्यांची संख्या सांगताना चूक केली. मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पुढच्या खेपेला त्यांनी ती स्वतःच दुरुस्त केली.

प्राणी आता जालन्याच्या त्या शाळेच्या मैदानात उभा आहे. पायाजवळ, गाठीच्या वर, वेल्डिंगच्या ठिपक्यांनी भावाचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. ते पुसायचं तर लोखंड कापावं लागेल.

मला शहागडला जाण्याचं कारण आता फारसं नसतं, पण जातो. गाडी पुलाजवळ आली की कंडक्टर अजूनही ‘डायनासोर’ असा पुकारा करतो. एखादा नवखा प्रवासी खिडकीतून बघतो आणि विचारतो, कुठं आहे? कंडक्टर सांगतो, होता, जालन्याला गेला. अंबडच्या वेल्डरचा होता. मालकाने चौथऱ्यावर कारंजं बसवायचं ठरवलं होतं. बोल्ट काढायला कोणी मिळेना, अशी माझी माहिती आहे. मी डाव्या बाजूच्या खिडकीशीच बसतो.

शाळेतल्या उद्घाटनाला मी गेलो होतो. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. भाऊ व्यासपीठावर होता, त्याला फेटा बांधला होता, तो एक वाक्य बोलला आणि बसला. दुसऱ्या दिवशी माझ्याच जुन्या दैनिकात बातमी आली. माझ्या जागी आलेल्या बातमीदाराने दिलेली. मी आधी शेवटची यादी वाचली. भावाचं नाव पहिलं. मग मुख्याध्यापक, बाई, संस्थेची माणसं, जालन्याचा भंगारवाला, शेपटी धरणारा चहावाला, काम नाकारणारे ते दोन गॅसकटरवाले. एकूण अठरा नावं. माझं नव्हतं. बातमीदाराला ती यादी कोणी लिहून दिली, हे मला ठाऊक आहे. कार्यक्रम संपल्यावर भाऊ त्या बातमीदाराच्या वहीत हळूहळू लिहीत असलेला मी पाहिला होता.

सवयीने मग पूर्ण बातमी तपासली. काळ बरोबर. लांबी बरोबर. आहार मांस, बोटं तीन. उजव्या पायाला जुळलेल्या हाडाची गाठ, हेही आलं होतं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.